घरात माणसे किती?

गेल्या हुरड्याच्या दिवसांत आईचा बार्शीहून फोन आला तेव्हा ती चांगलीच खुशीत होती. समाजकार्य शिकणाऱ्या मुलामुलींचा एक गट आमच्या गल्लीत पाहणीसाठी आला होता आणि त्यातली एक मुलगी आईपाशी पाऊण तास बसून गेली होती. पाहणीचा विषय ज्येष्ठ नागरिकांचे प्रश्न असा काहीतरी होता. "तुझ्यासारखंच शिकतीय बघ, एम.एस.डब्ल्यू. गळ्यात ओळखपत्र, हातात पॅड, आणि सारखं आपलं आजी, आजी," आई सांगत होती. मुलीला तिने चहा दिला, शेंगदाण्याचा लाडू दिला, बीपीच्या गोळ्यांची पट्टी आणून दाखवली आणि गुडघे कोणत्या जिन्याला दुखतात तेही सांगितले. मग, दूधवाल्याने आज पाणी जास्त घातले होते हे ज्या सुरात सांगावे त्याच सुरात ती म्हणाली, "घरात माणसं किती म्हणून विचारलं. मी म्हणलं, चौघं."

आई एकटी राहते.

बाबांना जाऊन आठ वर्षे झाली. मी पुण्यात, पिंपळे सौदागरला. नवरा, दहावीतला मुलगा आणि मी असे आम्ही तिघे. आईने त्या मुलीला आम्हा तिघांना बार्शीच्या घरात बसवून मोजून दाखवले होते. नुसता आकडाही सांगितला नव्हता. जावई सकाळी कामाला जातात, नातवाचा क्लास असतो, मुलगी दुपारी येते, असा सगळा दिनक्रम तिने सांगितला होता. मी हसले, "अगं, खोटं कशाला सांगितलंस? ती बिचारी अभ्यास करतेय," असे म्हणाले, आणि आईने विषय बदलला. फोन ठेवल्यावर मात्र ते "चौघं" माझ्या कानात राहिले. एकट्या बाईने अनोळखी माणसाला आपण एकटे आहोत हे सांगू नये, एवढा साधा हिशेब त्यामागे असणार हे मला कळत होते. बाबांच्या चपला अजूनही आमच्या उंबऱ्यापाशी असतात, आणि त्या केवळ आठवण म्हणून ठेवलेल्या नाहीत. दर आठ-पंधरा दिवसांनी आई त्या ओल्या फडक्याने पुसते आणि टाचा दाराकडे, बोटे घराकडे अशा ठेवते, म्हणजे आत्ताच कोणी काढून आत गेले आहे असे दिसते. तरीही मला चैन पडेना. कारण वीस वर्षांपूर्वी मी स्वतः पॅड घेऊन लोकांच्या उंबऱ्यावर उभी होते आणि हाच प्रश्न, याच शब्दांत विचारत होते. माझ्या त्या सगळ्या रकान्यांमध्ये अशा किती चपला मी माणसे समजून मोजल्या असतील?

२००३ ते २००५ ही दोन वर्षे मी मुंबईत समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. आमच्या अभ्यासक्रमात आठवड्याचे दोन दिवस फील्डवर्कचे असत आणि बाकीचे दिवस वर्गाचे. पण खरे सांगायचे तर बाकीचे दिवस त्या दोन दिवसांबद्दल बोलण्यातच जात. व्यक्तिसहयोग कार्य, गटकार्य, समुदाय संघटन या तीन पद्धती वर्गात शिकायच्या, त्या वस्तीत वापरून पाहायच्या, आणि रात्री वसतिगृहात बसून 'रेकॉर्डिंग' लिहायचे: कोणाकडे गेलो, काय बोलणे झाले, आपण काय केले, का केले. त्यावर मॅडम लाल पेनाने प्रश्न विचारत आणि आठवड्यातून एकदा समोर बसवून तेच प्रश्न तोंडी विचारत. त्या बैठकीला सगळे 'आयसी' म्हणत. आयसीच्या आदल्या रात्री आमच्या मजल्यावरचे दिवे उशिरापर्यंत चालू असत. सगळे लेखन इंग्रजीत होत असे. वस्तीतली बाई म्हणे, "पोरगं रांगाया लागलं तवा आलो इथं," आणि रात्री मी त्याचे इंग्रजी करून वास्तव्याचा कालावधी असा मथळा देत असे. या भाषांतरात काय सांडते आहे याची जाणीव मला तेव्हा नव्हती. उलट आपले इंग्रजी सुधारते आहे याचाच आनंद होता.

या शिक्षणाचा जन्मच मुळात एका वस्तीत झालेला आहे, ही गोष्ट आम्हाला पहिल्याच आठवड्यात अभिमानाने सांगण्यात आली होती. क्लिफर्ड मॅन्शर्ट नावाच्या अमेरिकी मिशनऱ्याने नागपाड्यात 'नेबरहूड हाऊस' चालवले होते आणि देशातली समाजकार्याची पहिली पदव्युत्तर शाळा १९३६ साली तिथेच, त्यांच्याच संचालकपदाखाली भरू लागली. पुढे १९५४ मध्ये ती संस्था देवनारला गेली. देवनारच्या पलीकडे गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी, आणि त्यांना लागून शहराचा कचरा जिथे १९२७ पासून येऊन पडतो आहे ते डंपिंग ग्राउंड. मुंबईतली समाजकार्याची मुले कोणत्याही महाविद्यालयाची असोत, कधी ना कधी त्या भागात जाऊन आलेली असतात. माझा लघुप्रबंधही तिथलाच. स्थलांतरित कुटुंबे आणि नागरी सुविधा असा विषय, एकशेवीस घरे, आठ पानी मुलाखत अनुसूची. गोवंडी स्टेशनवरून बस पकडली की एका ठरावीक वळणावर तो वास आत शिरे: गोडसर, धुराचा, ओल्या पुठ्ठ्याचा. पहिल्या दिवशी मी नाकाला ओढणी लावली आणि समोरच्या बाकावरच्या बाईने माझ्याकडे पाहिले. दुसऱ्या दिवसापासून लावली नाही. महिन्याभरात वास येईनासा झाला. तो थांबला नव्हता, हे फक्त रविवारी वसतिगृहात धुवायला काढलेल्या कपड्यांवरून कळे.

माझी पाहणी सुरू झाली तो जानेवारी २००५ चा महिना होता, आणि ही वेळ मी निवडलेली नव्हती. डिसेंबरपासून शहरात झोपड्या पाडण्याची मोठी मोहीम चालू होती. ज्यांची झोपडी १ जानेवारी १९९५ च्या आधीची आहे त्यांना संरक्षण, नंतरच्यांना नाही, असा नियम होता. निवडणुकीत ही तारीख २००० पर्यंत पुढे नेण्याचे आश्वासन दिले गेले होते आणि निवडणूक झाल्यावर बुलडोझर आले होते. वस्तीत प्रत्येक घरी एक पिशवी असे. प्लास्टिकची, तिच्यात दुसरी प्लास्टिकची, तिच्यात तिसरी. आणि सगळ्यांत आत १९९५ च्या मतदार यादीच्या पानाची झेरॉक्स, विजेची बिले, रेशन कार्ड, कोणाचा झोपडीधारकाचा फोटोपास. रात्री ही पिशवी उशाखाली आणि दिवसा पत्र्याच्या पेटीत, किंवा पेटी नसेल तर देवाच्या फळीवर. माझ्या अनुसूचीतला अकरावा प्रश्न होता: या ठिकाणी आपण कोणत्या वर्षापासून राहत आहात? हा प्रश्न मी मोठ्या कौशल्याने बिनधोक ठिकाणी, पाण्याच्या प्रश्नानंतर आणि शौचालयाच्या प्रश्नाआधी ठेवला होता.

माहिती गोळा झाल्यावर मी मोठ्या कागदावर रेघा आखून हाताने सारणी केली. संकेतनात, म्हणजे उत्तरांना दिलेल्या आकड्यांत, '९९' म्हणजे उत्तर नाही. अकराव्या प्रश्नाखाली ९९ एकदाही आले नाही. मात्र वर्षांच्या ओळीत एका ठिकाणी उभ्या रेघांचे गठ्ठे साचत गेले आणि कागदाची जागा संपली म्हणून मला बाजूला चिकटपट्टीने तुकडा जोडावा लागला. ते वर्ष १९९४ होते. मॅडमनी तो जोडलेला तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "एवढी माणसे त्या वर्षी मुंबईत का आली असतील? दुष्काळ होता का?" मी खरोखरच ग्रंथालयात जाऊन १९९४ चा पाऊस पाहून आले. आता लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

पुन्हा त्या अनुसूच्या चाळताना मला एक गोष्ट दिसली, आणि माझ्या मते त्या दोन वर्षांत मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली ती एकमेव गोष्ट होती. ज्यांचे वास्तव्य खरोखर जुने होते, ते सन सांगतच नव्हते. ते दंगल सांगत, बॉम्ब फुटले ते सांगत, मराठवाड्यातून आलेले असतील तर भूकंप सांगत: "भूकंप झाला ना किल्लारीला, त्याच्या पुढच्या दिवाळीला आलो." बहात्तरच्या दुष्काळात आलेली एक म्हातारी तर दुष्काळाचेही नाव घेत नसे, "सुकडी खायचो तेव्हा" एवढेच म्हणे. वर्ष मी माझ्या हिशेबाने काढून रकान्यात भरत असे. याउलट जे दरवाज्यातच, प्रश्न पुरता संपायच्या आत, "चौऱ्याण्णव" म्हणत, त्यांच्याकडे त्या वर्षाची दुसरी कोणतीही खूण नसे. पाऊस नसे, कोणाचे लग्न नसे, रांगणारे पोर नसे. नुसता आकडा असे, घासून गुळगुळीत झालेला.

त्यातल्याच एका बाईशी मी वाईट वागले. ती जालना जिल्ह्यातली. नवरा नाक्यावर उभा राहून मिळेल ते बिगारी काम करी आणि ती घरी बसून चिंध्या निवडी. तिच्या दारात पाय ठेवायला जागा करण्यासाठी तिने रंगीत चिंध्यांचा ढीग एका हाताने बाजूला लोटला तेव्हा त्यातून कापडाची बारीक धूळ उडाली आणि उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहिली, हे मला आजही दिसते. तिने चौऱ्याण्णव सांगितले. पुढच्या पानावर मुलांची माहिती होती. मोठा मुलगा सहा वर्षांचा. "जन्म कुठला?" "गावचाच. हा झाल्यावर आलो ना इकडं." मी हुशार विद्यार्थिनी होते. मी मागचे पान उलटले, पेन तिथे टेकवले आणि म्हणाले, "पण मग चौऱ्याण्णव कसे? मुलगा नव्याण्णवचा होतो." त्या क्षणी मला वाटलेला आनंद चांगला आठवतो, गणित सुटल्याचा तो आनंद होता. बाईने माझ्याकडे पाहिले नाही. ती चिंध्या निवडत राहिली, पांढऱ्या एकीकडे, रंगीत दुसरीकडे, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "ताई, तुम्ही विचारून घेताय की लिहून घेताय?" मी काहीतरी बोलले, ही माहिती गुप्त राहील, फक्त अभ्यासासाठी आहे वगैरे. ते सगळे खरे होते. दुसऱ्या दिवशी त्या गल्लीतली सात घरे बंद होती. आत भांड्यांचा आवाज येत होता आणि दारे लावलेली होती.

रेकॉर्डिंगमध्ये मी लिहिले, "उत्तरदात्याने दिलेल्या माहितीत विसंगती आढळली." मॅडमनी 'विसंगती' या शब्दाखाली लाल रेघ मारली, पण शेरा लिहिला नाही. आयसीत त्यांनी एवढेच विचारले, "तू तिच्याकडे कोणाच्या वतीने गेली होतीस?" मी म्हणाले, "संस्थेच्या." "आणि तिच्या मते कोणाच्या वतीने गेली होतीस?" मला उत्तर माहीत होते, कारण पॅड, पेन, गळ्यातले ओळखपत्र आणि पायात बूट हा माझा वेष पाडापाडीच्या आधी येणाऱ्या माणसांच्या वेषाहून वेगळा नव्हता. आम्ही वर्गात 'रॅपो', म्हणजे विश्वासाचे नाते, हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरत असू. रॅपो झाला की लोक खरे बोलतात, असे आम्ही समजत होतो. लोकांनी आपल्याशी खरे बोलावे असे आपण त्यांच्यासाठी काय करणार आहोत, हे मात्र आमच्यापैकी कोणी कोणाला विचारले नाही. माझ्या बाबतीत प्रामाणिक उत्तर होते: मला पदवी मिळणार आहे.

समाज धोरणाच्या तासाला याच प्रश्नाची मोठी, सरकारी आवृत्ती आमच्यासमोर येई आणि तिथे ती आम्हाला अवघड वाटत नसे. रेशन पूर्वी सरसकट होते, १९९७ च्या जूनपासून ते 'लक्ष्यनिर्धारित' झाले, १९९९ पासून महाराष्ट्रात पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तीन रंगांची कार्डे आली, पिवळ्या कार्डासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न पंधरा हजारांच्या आत हवे, हे सगळे आम्हाला पाठ होते. दोन प्रकारच्या चुका होतात, पात्र माणूस वगळला जातो आणि अपात्र माणूस आत शिरतो, यावर आम्ही पानेच्या पाने लिहीत असू. पण जिथे कार्डाचा रंग आकड्यावर ठरतो तिथे आकडा सांगणाऱ्या माणसाचे काय होते, यावर प्रश्न येत नसे, म्हणून आम्हीही तो वाचला नाही. पहिल्या वर्षाच्या ग्रामीण शिबिरात आम्ही रायगडमधल्या एका कातकरी वाडीत दहा दिवस होतो. तिथे २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या पाहणीची यादी लोकांना वाचून दाखवण्याचे काम आम्ही केले. त्या पाहणीत तेरा प्रश्न होते, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. जितके गुण कमी तितकी गरिबी जास्त. एक प्रश्न माणशी कपडे किती, असा होता. एका माणसाला आम्ही तो पुन्हा विचारून पाहिला. तो उठला, दोरीवरचे कपडे पाहून आला आणि म्हणाला, "आज मोजायचं का धुतल्यावर?" आम्ही सगळे हसलो आणि तोही हसला. त्या वाडीतली काही घरे यादीत नव्हतीच, कारण मोजणी झाली तेव्हा ती माणसे वीटभट्टीवर गेलेली होती. कुलूप असलेल्या घरात कपडे कोण मोजणार? खरे बोलायचे की खोटे, हे ठरवण्याइतकीही संधी त्यांना मिळाली नव्हती.

मी राहते ते पिंपळे सौदागर आज बहुमजली इमारतींचे, आयटीतल्या नोकरदारांचे उपनगर आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ते पुण्याजवळचे एक खेडे होते, आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले डॉ. हॅरॉल्ड मान यांनी त्या खेड्याची घरोघर पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली होती. जमिनीचे तुकडे किती, उत्पन्न किती, कर्ज किती. भारतातल्या खेड्यांच्या अशा पद्धतशीर पाहण्यांपैकी ती अगदी सुरुवातीची. संध्याकाळी फिरायला जाताना कधी कधी मला त्या साहेबाची आठवण येते. त्याच्या पुढ्यात बसून आपले कर्ज सांगणारा कुणबी, आणि शेजारी उभा असलेला, कदाचित सावकाराच्याच घरातला, कोणी गावकरी. किती रुपये सांगितले असतील त्याने? आणि कोणाला ऐकू जावे म्हणून?

गोवंडीच्या त्या बाईची गोष्ट तिथेच संपली असती तर मी तिला माझ्या अपराधांच्या यादीत ठेवून मोकळी झाले असते. पण पदवीनंतर जून महिन्यात मी त्याच भागात काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत लागले, आणि २६ जुलै आला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. नाल्याकडेच्या गल्ल्यांमध्ये पाणी पत्र्यापर्यंत चढले. चार दिवसांनी आम्ही आत जाऊ शकलो तेव्हा दोऱ्यांवर कपड्यांबरोबर कागद वाळत घातलेले होते. कपड्याच्या चिमट्यांनी लावलेली रेशन कार्डे, शाळेचे दाखले, मतदार यादीची पाने. तिन्ही पिशव्यांतून पाणी आत गेले होते. संस्थेतर्फे शिधा वाटायचा होता, माणशी इतके तांदूळ, इतकी डाळ, आणि त्यासाठी घरोघर यादी करायची होती. प्रश्न एकच: घरात माणसे किती? त्या आठवड्यात वस्तीतली कुटुंबे मोठी झाली. गावी असलेला दीर परत आला, लग्न होऊन गेलेली नणंद परत आली, दोन घरांमध्ये एकच आजी सापडली. मी काहीही न बोलता लिहीत गेले. मला वाटत होते की मी आता शिकले आहे.

मग तिचे दार आले. चिंध्यांचा ढीग काळा पडून कुजला होता आणि तिने तो फावड्याने बाहेर ओढून काढला होता. तिने मला ओळखले. मी विचारले, किती माणसे. ती म्हणाली, "तिघं." नवरा कुठे, असे मी विचारले नाही, आणि मोठ्या मुलाखेरीज धाकटी मुलगीही होती हे मला माहीत होते, मग हिशेबाने चार व्हायला हवी होती. मी, बहुधा त्या जानेवारीची भरपाई म्हणून, आवाज खाली आणून म्हणाले, "पाच लिहू?" तिने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिले. "कशाला? तिघंच हैत. त्याचा बाप नाही आला अजून." मंगळवारी कामावर गेलेला तिचा नवरा शनिवार उजाडला तरी परतला नव्हता. जो परत येईल की नाही हे ठाऊक नाही, त्याच्या नावाचे तांदूळ तिला नको होते. मी तीन लिहिले. (नवरा सातव्या दिवशी आला, भिवंडीकडे अडकला होता, हे मला नंतर कळले. तोवर वाटप संपले होते.)

ज्या बाईला मी खोटारडी ठरवले होते तिने, खोटे बोलून फायदा होता तिथे, एक दाणाही जास्त मागितला नाही. आणि जिथे खरे बोलून छप्पर जाणार होते तिथे मात्र ती शांतपणे चौऱ्याण्णव म्हणाली होती. माझ्या प्रबंधात या दोन उत्तरांना एकत्र ठेवता येईल असा रकाना नव्हता. तो प्रबंध तोवर ग्रंथालयात बांधून जमा झाला होता, १९९४ च्या त्या उंच मनोऱ्यासकट, खाली एका तळटीपेसह. तळटीप मी मोठ्या संयमाने लिहिली होती.

हे सगळे आठवत मी आईला दोन दिवसांनी पुन्हा फोन केला. खोटे का बोललीस असे न विचारता त्या मुलीने आणखी काय काय विचारले ते विचारले. आई बोलत गेली. शेजारच्या काकूंकडे मागच्या वर्षी लाडक्या बहिणीची पडताळणी झाली होती, घरी चारचाकी आहे का ते पाहायला अंगणवाडीताई आल्या होत्या, आणि काकूंच्या पुतण्याची गाडी नेमकी त्या दिवशी दारात उभी होती. तेव्हापासून गल्लीत पॅड घेऊन कोणी दिसले की बायका आधी एकमेकींना फोन करतात. "पण तुला कुठली योजना आहे? तुझी तर बाबांची पेन्शन आहे," मी म्हणाले. "योजनेचं नाही गं," आई म्हणाली, आणि थोडी थांबली. "ती पोरगी पेन काढून बसलेली. कागदावर एकटी म्हणून कशाला लिहून घ्यायचं?" मग तिने माझ्या मुलाच्या परीक्षेची चौकशी केली. पुण्याला ये, आमच्याकडे राहा, हे मी गेली आठ वर्षे म्हणते आहे आणि ती आठ वर्षे नाही म्हणते आहे. नळाला पाणी येण्याची वेळ, भगवंताच्या देवळातली काकड आरती, ज्वारी निवडायला येणारी बाई, अशी तिची कारणे असतात आणि ती खरीही असतात. पण त्या अनोळखी मुलीपुढे तिने आम्हाला घरी आणून बसवले होते, ते भीतीपोटी की हौसेपोटी, हे मला अजून ठरवता आलेले नाही. नातवाचा क्लास साडेपाचला सुटतो असेही तिने सांगितले होते म्हणे. तो खरोखरच साडेपाचला सुटतो.

संक्रांतीला मी एकटीच बार्शीला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास दारात तीच मुलगी. पाहणी झाली होती. आता तिला निवडक ज्येष्ठांचे व्यक्ती अध्ययन करायचे होते आणि तिने आईला निवडले होते. सावळी, बारीक, केसांना भरपूर तेल, पॅडला लावलेला पेन दोऱ्याने बांधलेला. उंबऱ्यापाशी तिने आपल्या चपला बाबांच्या चपलांच्या शेजारी काढल्या आणि आत येताना एकदा मागे वळून पाहिले. आईने माझी ओळख करून दिली, "ही माझी मुलगी," आणि माझ्याकडे न पाहता तिळगुळाचा डबा काढायला आत गेली. माझी प्रवासाची बॅग खाटेवर उघडी पडलेली होती. घडी घातलेले दोन ड्रेस, चार्जर, बसमध्ये प्यायची पाण्याची बाटली, आणि साखळीला लटकत असलेला ट्रॅव्हल्सचा कागदी टॅग. मुलीने पॅड मांडीवर घेतले, मागचे पान उलटले आणि पेन एका ठिकाणी टेकवले. कुठे, ते मला तिच्यासमोर बसूनही दिसत होते.

"ताई, तुम्ही इथेच असता ना?" तिने विचारले.

आत डब्याचे झाकण उघडण्याचा आवाज थांबला.

"हो," मी म्हणाले, "इथेच असतो आम्ही."

तिने माझ्याकडे पाहिले, मग बॅगेकडे, मग पुन्हा पानाकडे. पेन क्षणभर तिथेच राहिला. मग तिने पान उलटले, पॅड बाजूला खाटेवर ठेवून दिले आणि आतल्या दाराकडे तोंड करून जरा मोठ्याने विचारले, "आजी, रात्री झोप लागते का?"

"लागते की," आई तिळगुळाचा डबा घेऊन बाहेर येत म्हणाली, "पण तीनला जाग येते बघ."

"मग काय करता तीनला उठून?"

आई तिच्या शेजारी बसली आणि सांगू लागली.